उजवीकडे न वळणाऱ्या निर्मलाताई

निर्मलाताई साळवे स्कूटर उजवीकडे वळवत नसत. सावेडीतल्या घरातून निघायचं, डावीकडे, पुढे पुन्हा डावीकडे, आणि असा सगळा वळसा घालून माळीवाड्याजवळच्या आमच्या संस्थेच्या कार्यालयात यायचं. घरी परतायचा रस्ता वेगळा, पण तोही डाव्या वळणांचाच. कोणी विचारलं तर म्हणायच्या, "नगरच्या चौकात उजवीकडं वळायला माणसाला दोन जन्म पाहिजेत. मला एकच हाय." सगळे हसायचे. मीही हसत असे.

कार्यालयात मी अधीक्षक, त्या वरिष्ठ लिपिक. हुद्दा माझा मोठा, वय त्यांचं. त्यामुळे मी त्यांना ताई म्हणे आणि त्या मला सरळ सुनंदा म्हणत. त्यांचं माहेर पुणतांब्याकडचं. वडील साखर कारखान्यात फिटर होते. नवरा अचानक गेला, मुलगा प्रशांत पुण्यात नोकरीला. घरात एकट्या उरल्यावर त्यांनी पन्नाशी उलटल्यावर स्कूटर शिकून स्वतःची गाडी घेतली. जुन्या धाटणीची, छोटी. पिस्त्याच्या रंगाची, गोल दिवा, चकचकीत गोल आरसे. शोरूममधला पोरगा म्हणाला होता, "मॅडम, ही कॉलेजच्या मुली घेतात." यांनी उत्तर दिलं, "मग मला मुलींच्या भावात दे."

गाडीची निगा मात्र एखाद्या जुन्या ड्रायव्हरसारखी. निघण्याआधी दोन्ही चाकं अंगठ्याने दाबून बघायच्या. सीटखाली स्पॅनर, जादा प्लग आणि नवऱ्याच्या बनियनचं फडकं. खंडेनवमीला आमच्या पार्किंगमध्ये सगळ्या गाड्यांना झेंडूचे हार पडत. यांची गाडी त्या दिवशी गॅरेजमध्ये असे, ऑइल बदलायला. "हार घालून ब्रेक लागत न्हाई," त्या म्हणत, "लायनर बदलली की लागतो." लिंबू-मिरचीबद्दलही त्यांचं मत असंच होतं: "लिंबू सरबताला, मिरची ठेच्याला." मला हे फार पटायचं. कामाची माणसं मला आवडतात.

गेल्या दोनेक वर्षांत त्यांनी गाडीत काही बदल केले. आरसे मोठे बसवले. हॉर्न बदलून मोठा घेतला. उजव्या बाजूला लोखंडी गार्ड लावलं. मी म्हटलं, "ताई, रणगाडा करताय का?" तर म्हणाल्या, "गाडी टणटणीत असली की माणूस थोडं कमी असलं तरी चालतं." त्या वाक्यावर मी थांबायला हवं होतं असं आता कोणी म्हणेल, पण संशय येण्यासारखं काही नव्हतं. फाइलमधला बारीक टाइप त्या माझ्याआधी वाचत.

मग माझी गाडी दुरुस्तीला गेली आणि त्या म्हणाल्या, "ये की माझ्या मागं. पेट्रोल तेवढंच लागतं." तेव्हा पहिल्यांदा मी त्यांच्या मागे बसले. गाडी हळू, डाव्या कडेने. गप्पा चालू. पण दर चौकाला वाक्य तेच: "उजवीकडं बघ गं जरा. कोन येतंय का?" पहिल्या चौकात मी बघून सांगितलं. दुसऱ्या चौकातही. तिसऱ्या चौकात माझ्या लक्षात आलं की त्या स्वतः मान वळवतच नाहीत.

विचारणार, तोवर शाळा आली. रस्त्याच्या उजव्या बाजूने एक लहान मुलगी, गळ्यात पाण्याची बाटली, रस्ता ओलांडत होती. पळत नव्हती, चालत होती. आमच्यापुढे आली तरी गाडीचा वेग कमी होईना. मी किंचाळले. ताईंनी दोन्ही ब्रेक दाबले. गाडी मुलीच्या दप्तराला टेकून थांबली. बाटलीचा पट्टा तुटला आणि बाटली गटारापर्यंत घरंगळत गेली. मुलीने आमच्याकडे पाहिलं, बाटली उचलली आणि शाळेत पळाली.

"काय पडलं गं?" निर्मलाताईंनी विचारलं.

"बाटली. पोरगी होती, ताई."

"कुठं?"

"समोर. पार समोर."

पार्किंगमध्ये त्यांनी गाडी स्टँडला लावली. मग फडक्याने आरसा पुसत म्हणाल्या, "काचबिंदू हाय. उजवा गेला. डाव्याला नळीतून बघितल्यावानी दिसतं. समोरचं वाचता येतं, कडंचं न्हाई."

"डॉक्टर काय म्हणाले?"

"काय म्हननार? थेंब टाका, गाडी बंद करा. त्यांना काय, त्यांच्या दारात ड्रायव्हर हाय."

"प्रशांतला माहीत आहे?"

"त्याला कळलं की उचलून न्हेईल पुण्याला. दहाव्या मजल्यावर ठेवील. खाली उतरायचं तर सुनेला विचारा, वर जायचं तर लिफ्टवाल्याला विचारा." त्यांनी माझा हात धरला. "जूनपर्यंत थांब, सुनंदा. जूनला रिटायर होते. मग चावी मीच देते."

मी सरळ सांगितलं. रोज न्यायला मी येते, सोडायला मी येते. पण ही गाडी तुम्ही आता चालवायची नाही.

"आन तू रजेवर गेलीस की? तुझ्या लेकीचं बाळंतपण आलं की? मला काय स्टँडवर लावून ठेवनार हायेस?"

"रिक्षा आहे."

"चाळीस वर्षं रिक्षाची वाट बघितली मी. आता न्हाई बघायची."

"आणि आजची मुलगी?"

"पोरगी पळत आली. पळत आलेलं पोर कुनालाच दिसत न्हाई."

"ती चालत होती, ताई."

"पळत आली," त्या म्हणाल्या आणि जिना चढून गेल्या.

मी त्यांना सांगून ठेवलं की संध्याकाळपर्यंत तुम्ही प्रशांतला फोन करा, नाहीतर मी करते. त्यांनी केला नाही. मी केला. तो लगेच आला. आईशी काय बोलला ते मला माहीत नाही. जाताना मात्र चावी माझ्याकडे दिली. "मावशी, चावी घरात राहिली तर आई गाडी काढेल." ताई दारात उभ्या होत्या. "दे की," त्या म्हणाल्या, "पोलीस पाटलीणच झालीये ती."

त्या दिवसापासून मी त्यांच्यासाठी सुनंदा राहिले नाही. "मॅडम, ही फाइल." "मॅडम, सही." माझ्या मागे त्या कधी बसल्या नाहीत. रिक्षाने येत, उशीर झाला तर रजेचा अर्ज देत. निरोपसमारंभात सगळ्यांची नावं घेऊन बोलल्या, माझ्यापाशी आल्यावर म्हणाल्या, "मॅडमचे आभार." मला वाईट वाटलं, पण तोच प्रसंग पुन्हा आला तर मी पुन्हा फोन करीन.

एक गोष्ट मात्र चालू राहिली. गाडी उभी राहिली की बिघडते, बॅटरी उतरते, म्हणून दर रविवारी मी चावी घेऊन त्यांच्याकडे जायची. त्या बादली घेऊन खाली येत. तेवढ्यापुरतं बोलणं. "सेल्फ मारू नका, मॅडम, किक मारा. थंड हाय ती." मी किक मारायची. इंजिन चालू असताना त्या फडक्याने गाडी पुसत. मग मी गाडी बंद करून चावी पर्समध्ये टाकायची. चावी त्यांनी एकदाही मागितली नाही. पुढे पुढे पुसून झाल्यावरही मडगार्डवर धूळ तशीच राहू लागली. त्या हात झटकत विचारत, "झाली का स्वच्छ?" मी हो म्हणायची.

डावा डोळाही गेला तेव्हा प्रशांतने पुण्याची तयारी केली. पुण्यात त्या फार दिवस राहिल्या नाहीत. न्हाणीत पाय घसरला, खुब्याचं हाड मोडलं, आणि अंथरुणावरून त्या उठल्याच नाहीत. मी पुण्याला गेले तेव्हा घरात बुद्धवंदना चालू होती. भिंतीवरच्या फोटोत त्या हसत होत्या. मी फूल वाहिलं आणि संध्याकाळच्या गाडीने नगरला परत आले.

पण त्यांची आठवण आली की मला तो दहावा मजला दिसत नाही. पुण्याला जाण्याआधी त्यांची गाडी विकली तो दिवस दिसतो. केडगावची एक मुलगी आली होती, पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला लागलेली, रोज शहरात यायला गाडी हवी होती. प्रशांत वर सामान बांधत होता. ताई खाली प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसल्या होत्या, एक हात सीटवर ठेवून. मुलीने गाडीला फेरी मारली, किक मारली, इंजिन ऐकलं. मग तिने, कोणीही विचारील तसं, विचारलं, "काकू, इतकी चांगली आहे तर विकताय कशाला?"

दिसत नाही म्हणून, हे मी सांगणार होते. ताईंनी हाताने मला थांबवलं.

"शाळेपुढं एक पोरगी रस्ता ओलांडत हुती," त्या म्हणाल्या. "चालत हुती. मला दिसली न्हाई. ही मागं बसून वरडली म्हनून पोरगी वाचली."

 लॅबमधल्या त्या मुलीने गाडीवरचा हात काढून घेतला. मी चावी पुढे केली, ती तिने घेतली.

ताईंनी माझ्या दिशेने मान वळवली. "काय नाव हुतं गं तिचं?"

"कोणाचं, ताई?"

"त्या पोरीचं."

"माहीत नाही."

त्यांनी सीटवरून हात फिरवला.

"आपन विचारलंबी न्हाई," त्या म्हणाल्या.