आमचे शहीद दर रविवारी फोन करतात

ह्यांनी आपल्या जिवलग मित्राला मारलं तेव्हा मी आमच्या इमारतीच्या केलरमध्ये, म्हणजे तळघरात, मशीनमधून पडदे काढत होते. हे शेजारी घडीच्या खुर्चीवर बसून लिहिलेलं मोठ्याने वाचत होते. 'माझ्या मांडीवर डोकं ठेवून त्याने पाणी मागितलं, आणि मी बाटली उघडेपर्यंत त्याचा श्वास थांबला.' ओला पडदा माझ्या हातून खालीच पडला.

"अहो, भाऊजी तर परवा फोनवर मूळव्याधीचं सांगत होते ना?"

"अगं, हे साहित्य आहे," हे म्हणाले.

झालं होतं असं. स्टुटगार्टच्या मराठी मंडळाचा दिवाळी अंक निघतो. त्याची संपादक आमच्या मुलाच्या ऑफिसातली एक हुशार पोरगी. काका फौजेत होते, लढाईच्या वेळी सीमेवर होते, हे कळल्यावर ती घरी आली आणि म्हणाली, "काका, युद्धाचा प्रत्यक्ष अनुभव लिहा. असं लिहिणारं इथे दुसरं कोणीच नाही." हे दोन दिवस घरात छाती काढून फिरले.

हे फौजेत रेशनचा ट्रक चालवायचे. पहिल्यांदा लिहिलं ते मला फार आवडलं होतं. पिठाची पोती भिजली आणि सगळी पलटण गोळे खात बसली, लंगरमधले, म्हणजे फौजी स्वयंपाकघरातले, कांदे एकाने चोरून मोज्यात लपवले, असं सगळं त्यात होतं. मी ऐकताना हसून हसून भिंतीला टेकले. पण संपादकबाईंनी ते परत पाठवलं. "काका, मस्त आहे, पण थोडं वॉर हवं. वाचकाला थरार हवा."

मग तोफा जवळ यायला लागल्या. पहिल्या लिखाणात त्यांचा आवाज डोंगरापलीकडून येत होता. दुसऱ्यात गोळे आमच्या टेकडीवरून खालचं एस-बानचं, म्हणजे लोकलचं, स्टेशन दिसतं, तेवढ्या अंतरावर पडू लागले. तिसऱ्यात नाक्यावरच्या बेकरीइतके जवळ आले. चौथ्यात थेट ट्रकच्या बॉनेटवर. तरी ट्रक चालतच होता.

प्रत्येक वेळी ऐकायला मीच. मुलगा-सून कामावर, आणि मी चौथी शिकलेली, त्यामुळे मध्ये बोलणार नाही, असा ह्यांचा समज. बोलत नाही हे खरं. ऐकत नाही असं थोडंच आहे?

लिहायला हे केलरमध्ये का बसायचे, तर तिथे लढाईचं वातावरण आहे म्हणे. वरच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या जर्मन बाई लहान असताना बॉम्ब पडायचे तेव्हा ह्याच केलरमध्ये लपायच्या. एकदा त्यांनी ते आम्हाला सांगितलं, आणि सुनेने मराठीत करून दिलं. बाईंच्या आईने एका रात्री वर्षभराच्या मुरंब्याच्या सगळ्या बरण्या उघडल्या आणि म्हणाली, खा पोरींनो. बाईंनी इतका खाल्ला की सकाळी पोट बिघडलं. एवढंच सांगून बाई हसल्या आणि कपड्यांची टोपली घेऊन वर गेल्या. बॉम्बचा आवाज कसा होता ते त्यांनी सांगितलंच नाही. पण त्यानंतर मला त्या कोपऱ्यात एकटीला जायला नको वाटायचं.

ह्यांच्या लिखाणात आवाज खूप होता, आणि मी मात्र निवांत पडदे धूत होते.

खरी काळजी वेगळीच होती. ह्यांनी मित्राला नाव-गावासकट मारलं होतं. अंक निघाला की तो सगळ्यांच्या फोनवर जातो, गावीही पोचतो. भाऊजींना स्वतःचं मरण फोनवर वाचायला मिळालं असतं. ट्रकवर ह्यांच्या शेजारी बसणारे भाऊजी, फौजेतले हेच एक सोबती आता उरलेत. आमच्या रविवार सकाळी, त्यांच्या दुपारी, त्यांचा व्हिडिओ कॉल येतो. तो बंद पडला तर ह्यांचं काय होईल, ते मला माहीत होतं.

"निदान नाव तरी बदला," मी म्हटलं.

"नाव बदललं तर खोटं वाटेल," हे म्हणाले.

मी पडद्यांची टोपली उचलली.

रविवारी कॉल आला. मी नेहमी नमस्कार करते आणि स्वयंपाकघरात पळते. त्या दिवशी नमस्कार केला आणि म्हटलं, "भाऊजी, ह्यांनी तुमच्यावर लिहिलंय. आत्ता वाचून दाखवणार आहेत." मग पळाले. पण दाराआडच उभी राहिले.

ह्यांनी माझ्याकडे जे बघितलं, ते शत्रूकडेही बघितलं नसेल. पण भाऊजी हट्टालाच पेटले. "वाच की लेका! लाजतोस काय नव्या नवरीसारखा?"

हे वाचायला लागले. भाऊजी आधी ताठ बसले, मिशीवरून हात फिरवला. मग मरण आलं.

"थांब, थांब. मी मेलो?"

"हं."

"कुठं लागली?"

"छातीत."

"मग ठीक. पाठीत नाही ना? पण त्या थंडीत मी पाणी कशाला मागेन? बिडी मागेन! वहिनी, ऐकताय ना? तुमच्या नवऱ्याने मला बिडीशिवाय मारला!"

मी तोंडात पदर कोंबला. हेही हसले, आणि सुटलो म्हणून पुढे वाचायला लागले. मांडीवरचं डोकं, उघडी बाटली. भाऊजी हसायचे थांबले.

"अरे," ते हळूच म्हणाले, "हे माझं नाही. हे त्याचं आहे."

ह्यांनी कागद खाली ठेवला.

"त्याची दाढ दुखत होती ते का नाही लिहिलंस? सकाळपासून लवंग धरून बसला होता. सुजलेल्या गालाची आपण दोघं चेष्टा करत होतो. रेडिएटरमध्ये पाणी घालायला उतरला, तेव्हाही गाल धरूनच. परत वर चढलाच नाही."

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण ट्रकमध्ये तिसरा कोणी होता, हे मला त्या दिवशी कळलं.

हे म्हणाले, "त्याचं लिहायला बसलो की हात तुझ्याकडे वळतो. तुला मारलं तरी तू रविवारी फोन करणार, हे माहीत असतं."

भाऊजींनी नाक पुसलं. "त्याचं त्याला दे," म्हणाले. "मला जिवंत ठेव."

पुढचे दिवस हे केलरमध्ये गेलेच नाहीत. जेवणाच्या टेबलावर बसून लिहिलं. मला वाचून दाखवलं नाही, नुसतं पुढे सरकवलं. मी बोट ठेवून सावकाश वाचलं. भिजलेलं पीठ होतं, मोज्यातले कांदे होते, दाढ होती, रेडिएटर होता. तोफेचा एकच आवाज होता, तोही अर्ध्या वाक्यात. त्या वाक्यावर माझं बोट थांबलं ते हललंच नाही. हे खिडकीतून बाहेर बघत बसले होते.

संपादकबाईंचा फोन आला. "काका, म्हणजे, छान आहे, पण बॉनेटवरचा गोळा कुठे गेला? थरार गेला की सगळा!"

"तो पडलाच नव्हता," हे म्हणाले. "दाढ ठेवणार असाल तर छापा."

तिने छापलं, दाढेसकट. अंक निघाला आणि रविवारी ठरल्या वेळी फोन वाजला. मी नमस्कार करून निघाले, तर भाऊजींनी मलाच थांबवलं.

"वहिनी, सगळं वाचलं. चांगलं लिहिलंय. पण अख्ख्या लेखात माझ्या वाट्याला एक ओळ? तीही कांदे चोरल्याची? मेलो असतो तर पानभर तरी मिळालं असतं!"