कडेच्या ओळीतले फोटो

पिंप्राळ्यातल्या माझ्या स्वयंपाकघरात उभं राहून मी भडगावजवळची आबांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, शेतातली मोटर चालू करते, हे अजून माझं मलाच खरं वाटत नाही. एका हाताने फोडणी परतायची आणि दुसऱ्या हाताने मोबाईलवर बटण दाबायचं. पलीकडून बाईचा आवाज येतो, ‘मोटर चालू झाली आहे.’ त्यानंतर मी उगाचच थोडा वेळ थांबते. ठिबकच्या काळ्या नळ्यांतून पाणी सरकत असेल, केळीच्या बुंध्यापाशी माती हळूहळू काळी होत असेल, आणि आबा बांधावर बसून पाण्याकडे बघत असतील. एसटीने दोन तास लागतात तिथे जायला. मी मात्र कणीक मळतामळता जाऊन येते.

माय गेल्यावर ही वाट सापडली. आबांना मोबाईल मीच शिकवला. त्यांना लिहिणं जमत नाही, बोलून पाठवणंही आवडत नाही. फोटो मात्र काढतात. सकाळी आठच्या सुमारास त्यांचे फोटो येतात, पान, आभाळ, विहिरीतलं पाणी, कधी नुसताच स्वतःचा अंगठा. त्यावरून मी समजायचं की सगळं ठीक आहे.

बागेच्या विक्रीचं कामही मग माझ्याकडे आलं. पूर्वी केळीचे व्यापारी असलेले शेठ स्वतः बागेत यायचे. जळगावात त्यांची पिढीजात पेढी, मूळचे राजस्थानचे, पण केळीच्या घडाला हात लावून किती दिवसांत कापायचा ते सांगत. आता ते परदेशात माल पाठवतात आणि दहा ठिकाणी जाणं त्यांना जमत नाही. त्यांचा मोबाईलवर एक ग्रुप आहे. शेतकऱ्यांनी त्यात घडांचे फोटो टाकायचे, ते पसंत पडले तर शेठची माणसं येऊन बाग कापतात. कापणी हिरव्यावरच झाली पाहिजे. झाडावर एक फणी जरी पिवळी पडली तरी तो माल समुद्रापार जात नाही, इथल्याच बाजारात जातो.

आबांना इथल्या बाजाराचं वावडं नव्हतं. आयुष्यभर तिथेच तर विकलं. पण यंदा लागवडीच्या वेळी ते एकदा म्हणाले होते, “मनी केयी एक दाव समुद्रवर जावाले जोयजे.” स्वतः त्यांनी समुद्र पाहिलेला नाही. धुळ्याच्या पलीकडे ते फारसे गेलेच नाहीत. कधी काही न मागणाऱ्या माणसाने एवढं एकच मागितलं, आणि मी मोठ्या तोऱ्यात म्हटलं, “आबा, ते माझ्याकडे लागलं.”

घड भरले, दिवस भरले, आणि एका सकाळी आबांचे फोटो आले. बघून माझं तोंडच उतरलं. बारके घड, वाकड्या फण्या, एकाच्या पानावर करपा. दहाच्या दहा फोटो तसलेच. तरी मी ते ग्रुपवर टाकले. दुपारी शेठचं उत्तर आलं, “ताई, या मालाचं जमणार नाही.”

मी आबांना फोन केला. माझा स्वभाव तापट, आवाज आधीच चढलेला. “आबा, बाग अशी कशी व्हयनी?”

“ठीक शे ना माय. बठ्ठं ठीक शे.”

ठीक शे! हे दोन शब्द मी लहानपणापासून ऐकत आले आणि दर वेळी माझ्या अंगाचा तिळपापड झाला. दहावीला मी शाळेत पहिली आले. गल्लीतली माणसं विचारायला दारात आली, तर आबा म्हणाले, “पास व्हयनी. ठीक शे.” पेढे नाहीत, काही नाही. मी घरात जाऊन धान्याच्या कोठीमागे रडले होते. मी चांगली झाले ते यांना दिसतच नाही, असं तेव्हा जे मनात बसलं ते पन्नाशीला आले तरी निघालेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने मी निघाले. बाग खरंच बसली असेल तर निदान आबांजवळ बसावं, एवढंच मनात होतं. आबा बांधावरच भेटले. मी सरळ बागेत शिरले. कडेची ओळ तशीच होती, फोटोतली, उन्हाने आणि वाऱ्याने बारकी राहिलेली. तिथे खांबाला जुनी चप्पल आणि काळी बाहुली टांगलेली. मी दुसरी ओळ ओलांडली, तिसरी ओलांडली, आणि पाऊल आपोआप मंदावलं.

आत वेगळाच प्रहर होता. ऊन पानांतून गाळून हिरवं होऊन खाली येत होतं. माझे हातही हिरवे दिसत होते. ठिबकचे थेंब कुठेतरी पडत होते आणि त्यापलीकडे आवाज म्हणून नव्हता. दोन्ही बाजूंना घड लोंबत होते, माझ्या कमरेपर्यंत उतरलेले, एकसारखे, डाग नसलेले. मी त्यांच्यामधून चालत राहिले. पाण्याखालून चालावं तसं वाटत होतं. किती वेळ गेला कोण जाणे. मागून आबांच्या चपलांचा आवाज आला तेव्हा मी भानावर आले.

“आबा, या मझारला घडस्ना फोटो काबर नही धाडा तुम्हीन?”

आतल्या घडांचे फोटो मागितले, तर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं जणू मीच काहीतरी भलतं विचारलं. “मझारला घड कोनी असा दखाडस का माय? नजर लागस.”

मग हळूहळू उलगडलं. शेठ यायचे तेव्हा आबा त्यांना आधी कडेची ओळ दाखवत. मग हात धरून आत नेत. बाग अशीच दाखवायची असते, कडेपासून मध्यापर्यंत, आणि तेही ज्याला न्यायचं त्यालाच. “त्या ग्रुपमा किती डोया शेतस, तुले म्हाईत शे का?” त्यांनी विचारलं. मी मोबाईल काढून पाहिलं. खरंच पुष्कळ डोळे होते. जळगावचे, धुळ्याचे, अनोळखी. आबांनी बिचाऱ्यांनी बाग दाखवायला सुरुवात केली होती, आणि शेठ आणि मी दारातूनच परत फिरलो होतो.

मी म्हटलं, फोटो फक्त शेठला पाठवते, दुसऱ्या कुणाला नाही. तरी त्यांचं मन होईना. स्कूटरवर बसून घरी गेले आणि मायच्या देवळीतली काजळाची डबी खिशात घालून आले. घडाला तीट लावायची म्हणाले. मी कपाळावर हात मारला. काळं दिसलं की शेठ डाग समजणार, झालं मग! आबांनी माझ्या हातातल्या मोबाईलकडे पाहिलं. नंतर म्हणाले, “मंग मोबाईलले लाव.”

आणि त्यांनी स्वतःच करंगळीने कॅमेऱ्याच्या काचेच्या कडेला काजळाचा ठिपका लावला. त्या दिवशीच्या प्रत्येक फोटोत हिरव्या बागेच्या कोपऱ्यात एक धूसर काळी सावली आहे. शेठचा लगेच फोन आला. “ताई, घड एक नंबर, पण कोपऱ्यात काळं काय आहे?” मी खरं ते सांगितलं. ते मोठ्याने हसले. “आमच्या पेढीच्या दारातही लिंबू-मिरची आहे. उद्या माणसं पाठवतो.”

बाग कापली गेली. घड गादीवर निजवून गाडीत चढले. आबा माझ्यासोबत पिंप्राळ्याला आले, कारण शेठने गाडी कुठे पोहोचली ते दाखवणारी लिंक मला पाठवली होती, आणि आबांना ती एकट्याने बघायची नव्हती. आम्ही गॅलरीत बसलो. मोबाईलवर एक ठिपका सरकत होता. चहा झाला, ठिपका घाटात. आबांना डुलकी लागली, उठले, ठिपका तिथेच. कधी मलाच झोप आली आणि स्वप्नात मी घडांमधून चालत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी ठिपका निळ्या रंगाच्या अगदी काठावर जाऊन थांबला.

“हाऊ निया समुद्र शे का?”

“हो आबा. पोहोचली आपली केळी.”

ते बराच वेळ त्या निळ्याकडे बघत राहिले. मला त्यांच्या तोंडून काहीतरी ऐकायचं होतं, पन्नाशीतही. मी विचारलं, “कशी झाली मग यंदाची बाग?”

“ठीक शे,” आबा म्हणाले.

मी काही बोलणार तेवढ्यात त्यांनी खिशातून डबी काढली. करंगळी बुडवून मोबाईलवरच्या त्या ठिपक्यापाशी काजळ टेकवलं. बोटाला थोडं उरलं होतं. इकडेतिकडे कुणी बघत नाही ना हे पाहून ते त्यांनी माझ्या कानामागे लावलं.

दोन दिवस मी तिथे साबण लावला नाही.