तोडणकरांच्या गालावरचा कापूस

सिल्व्हर पार्कमधल्या त्या बिल्डिंगच्या बी विंगमध्ये पंधरा दिवस एकच विषय चघळला जात होता: गुणवंत तोडणकरांना त्यांची बायको बोचकारते की काय?

आता हंसावहिनींना ओळखणारा कुणीही सांगेल, की ही बाई झुरळालासुद्धा सुपलीत घेऊन बाहेर सोडते. पण रोज सकाळी दूध आणायला निघालेल्या माणसाच्या गालावर कापसाचे बोळे चिकटलेले दिसले, तर लिफ्टमधल्या माणसांनी काय तोंड शिवून उभं राहायचं? तिसऱ्या मजल्यावरच्या ममताबेननी तर सरळ विचारलंच.

"गुणवंतभाई, घर में बिल्ली पाली क्या?"

"नहीं ममताबेन, दाढी करते वक्त जरा..."

"अच्छाऽ, दाढी!" ममताबेननी तो 'अच्छा' असा काही लांबवला, की लिफ्ट तळमजल्याला पोचेपर्यंत तोडणकरांचा संसार मोडून झाला होता.

खरं कारण माळ्यावरून उतरलं होतं. मुलगी रुचिताचं अभिनव नावाच्या एका बऱ्या मुलाशी जमत आलेलं. त्याची आई मनोरमाबाई लवकरच घर बघायला येणार, म्हणून तोडणकरांकडे साफसफाई निघाली, आणि जुन्या गाद्यांच्या मागे बिस्किटांचा गंजका डबा सापडला. त्यात बाबांचा रेझर. पितळी, वजनदार, दांड्यावरची नक्षी अंगठ्याने झिजलेली. सोबत टक्कल पडायला आलेला ब्रश.

गुणवंतरावांचा जीव त्या डब्यात अडकला. नोकरीत असताना त्यांची दाढी म्हणजे प्लास्टिकच्या फेकाऊ रेझरच्या चार ओढी आणि पळ. रिटायर झाल्यावर सकाळ हातात आली, पण तिचं करायचं काय ते कळेना. आता कळलं. बाबांसारखी दाढी करायची! लालबागच्या चाळीत खिडकीच्या गजाला आरसा टांगून, शेजाऱ्यांना नमस्कार-चमत्कार करत बाबा दाढी करायचे, आणि मग अख्ख्या गॅलरीला तुरटीचा आणि साबणाचा वास यायचा. बाबांविषयी गुणवंतरावांची एक ठरलेली गोष्ट होती, ती त्यांनी बी विंगमध्ये कुणाला ऐकवायची ठेवली नव्हती. "शेवटी शेवटी बाबांचे हात इतके थरथरायचे, की चहा कपातून बशीत आणि बशीतून लेंग्यावर. पण दाढी? अगदी अखेरपर्यंत गुळगुळीत! रेझर हातात घेतला की हात स्थिर!"

मुलाचा हात मात्र स्थिर असूनही गाल सोलून निघत होते.

शुक्रवारी हनुवटीखाली रेझर असा काही चर्र गेला, की नॅपकीन बदलावा लागला. हंसावहिनी कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"अहो, परवा मनोरमाबाई येणार. त्या ममताबेन लिफ्टमध्ये टपून बसल्यात. मनोरमाबाईंच्या कानावर काही गेलं तर पोरीचं काय होईल?"

"बाबांची आठवण आहे गं ती."

"आठवण जिवापाड जपा ना मग! हे बघा, रविवारी सलूनमध्ये जा नाहीतर काहीही करा. पण तुमच्या गालावर कापूस दिसला, की हा रेझर भंगारवाल्याला. पितळेचा चांगला भाव आहे म्हणे."

हंसावहिनी बोलल्या की करतात. मागे गुणवंतरावांचा तुटका ट्रान्झिस्टर असाच गेला होता.

शनिवारी सकाळी गुणवंतराव सरावासाठी मगमध्ये पाणी घेऊन निघाले, तोच आतल्या खोलीतून आवाज आला. "गुण्या, आज शनिवार आहे."

ह्या सुगंधाबाई, गुणवंतरावांच्या आई. डोळ्यांना अंधुक दिसतं, पण शेजारच्या कुकरची कितवी शिट्टी झाली ते अचूक सांगतात. शनिवारी दाढी करायची नाही, हा त्यांच्या घरचा नेम.

"अगं, पण उद्याच परीक्षा आहे!"

"मारुतीला तुझ्या परीक्षेचं काय? आणि रोज ऐकतेय मी. खरड खरड खरड. दाढी करतोस की करपलेलं पातेलं घासतोस?"

"बाबा असंच करायचे."

"तू कधी बघितलंस?"

"बघितलंय! ब्लेड काचेच्या ग्लासात आतून घासून धार लावायचे. मीसुद्धा नवं पाकीट आणलं, की आधी प्रत्येक ब्लेड ग्लासात..."

सुगंधाबाई इतक्या हसल्या, की कवळी सावरावी लागली. "अरे मेल्या! दाढीतून बाद झालेलं पातं घासून ते मला द्यायचे. तुझ्या चड्ड्यांची शिवण उसवायला! दर दिवाळीला वीतभर वाढायचास. आणि तू कोऱ्या पात्याची धार घालवून वर जोर लावतोयस!"

गुणवंतराव पाण्याचा मग हातात धरून तसेच उभे. पन्नास वर्षं जपलेलं दृश्य, आणि ते निघालं स्वतःच्याच चड्डीचं.

"पातं काढ आणि ये इकडे," आई म्हणाली. "पात्याशिवाय केलेली दाढी म्हणजे काही दाढी नव्हे. मारुतीला चालतं."

सुगंधाबाईंनी लेकाला पलंगाजवळच्या स्टुलावर बसवलं. ब्रश कोमट पाण्यात भिजवला, वाटीतल्या साबणावर फिरवला आणि गालावर फेस चढवला. मग रिकामा रेझर दांड्याच्या टोकाशी, चमचा धरावा तसा दोन बोटांत धरला. डावा हात मात्र आधी त्याच्या गळ्यावर फिरला, अंधारात कडी चाचपावी तसा.

"इथे तुझे केस आडवे आहेत. कानाकडून गळ्याकडे. वरून खाली ओढलंस की इथेच कापणार. त्यांचंही असंच होतं."

"आई," फेसातून गुणवंतराव हळूच म्हणाले, "तुला कसं माहीत?"

रेझर क्षणभर थांबला.

"शेवटी शेवटी त्यांची दाढी कोण करत होतं असं वाटलं तुला?"

खाली भाजीवाला ओरडत होता. गुणवंतरावांनी फेसाळलेलं तोंड आईकडे वळवलं.

"तू ऑफिसला गेलास, हंसा बाजारात गेली, की आम्ही कडी लावायचो. पोरांना सांगायचं नाही, अशी शपथ घातली होती मला. पहिल्या दिवशी मीही कापलं त्यांना. तर म्हणाले, सुगंधा, दाबू नकोस, त्याचं वजन आहे तेवढं पुरे. तू नुसती वाट दाखव."

"आणि मी इतकी वर्षं सगळ्यांना सांगत सुटलोय, की हात स्थिर..."

"स्थिरच होता की," सुगंधाबाई म्हणाल्या. "माझा."

रविवारी सकाळी गुणवंतरावांनी ग्लासाला हात लावला नाही. गरम पाण्याने तोंड शेकलं, कोरं ब्लेड चढवलं. सुगंधाबाई बाथरूमच्या दाराशी खुर्ची टाकून डोळे मिटून बसल्या. आतून आवाज येऊ लागला. छोट्या छोट्या ओढींचा, कोरडी पानं कुणी हलकेच झाडत असावं तसा. एकदा त्या म्हणाल्या, "घाई झाली." आवाज मंदावला. मग बराच वेळ त्या काहीच बोलल्या नाहीत.

गुणवंतराव बाहेर आले तेव्हा सुगंधाबाईंनी हात पुढे केला. तळवा गालावरून, जबड्यावरून, गळ्याकडे गेला, आणि तपासणीला लागतो त्याहून जरा जास्तच वेळ तिथे राहिला. "हं," एवढंच म्हणाल्या.

पण खरी परीक्षक पुढेच होती. हंसावहिनींनी चष्मा लावून नवऱ्याला खिडकीत उजेडाला उभं केलं. डावा गाल पास. उजवा पास. कानाच्या पाळीखाली मोहरीएवढा लाल ठिपका होता. गुणवंतरावांनी आरशात तो आधीच पाहिला होता, म्हणून ते भिंतीकडे बघत होते.

हंसावहिनींनी ठिपक्याकडे पाहिलं, मग दाराशी बसलेल्या सासूकडे. आदल्या दिवशी स्वयंपाकघरात त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्यांनी तुरटीचा खडा ओला केला आणि पाळीखाली दाबून धरला.

"डास चावलाय," त्या म्हणाल्या. "कापूस लागणार नाही."

मनोरमाबाई येऊन चहा घेत होत्या, तोच बेल वाजली. विरजण मागायला ममताबेन. वाटी पुढे, नजर गुणवंतरावांच्या गालावर. गाल असा तुकतुकीत, की बिचाऱ्यांचं तोंडच पडलं.

"क्या हंसाबेन," तरी त्या पाहुण्यांसमोर डोळा मिचकावून म्हणाल्याच, "सुलह हो गई?"

रुचिताने चमकून आईकडे पाहिलं. मनोरमाबाईंचा कप ओठांशी थांबला.

"हां," वाटीत विरजण घालत हंसावहिनी म्हणाल्या, "सासूमाँने करवाई."

आतल्या खोलीत कवळी सावरण्याचा आवाज आला.