ड वर्गातली सुई

एकविसाव्या वर्षी मी नाशिक नगरपालिकेच्या अभिलेख खोलीत कारकून म्हणून चिकटले आणि महिन्याभरात मला वाटू लागलं, नगरपालिका माझ्याच खांद्यावर उभी आहे. केसांत रोज अबोलीचा गजरा, हातात लाल पेन्सिल. जुन्या कागदांची वर्गवारी करायची: 'अ' कायम ठेवायचे, 'ड' नष्ट करायचे. मधल्या अक्षरांना विचार करावा लागे, म्हणून मी 'ड' सढळ हाताने देत असे.

त्यात एका कॅप्टनसाहेबांची वही आली. स्वातंत्र्याच्या सुमाराला फौज सोडून ते नगरपालिकेत अधिकारी झाले होते. मी लागले तेव्हा ते हयात नव्हते. वही एका जुन्या पुरानंतरची, गिचमिड अक्षरातली. विहित नमुन्यात नव्हती, म्हणून न वाचताच मी 'ड' ठोकला. पानं मात्र जाड आणि पाठकोरी. ती घरी नेली, लिहिलेल्या बाजू आत घालून दोन-दोन पानं खळीने चिकटवली आणि लोणच्या-मसाल्यांची वही केली. एका पानाला हार ओवायची लांब सुई टोचलेली होती. तीही ठेवून घेतली. काटकसरी मुलगी!

दर भाद्रपदात पंचवटीतली एक फुलवाली आमच्या खिडकीशी यायची. माझ्याच वयाची. ती लहान असताना तिची आई पुरात वाहून गेली होती.

"बघा ना बाई, कुठं लिवलंय का. पूर आठ दिस व्हता, आईची तिथीच ठाव नाय. सर्वपित्रीला सगळ्यांच्यात घालते तिला."

"रेकॉर्डला नोंद नाही," मी म्हणायचे. वर "पुढच्या वर्षी बघू" हेही. मग तिच्याच टोपलीतली अबोली घ्यायचे आणि घरी जाऊन त्या सुईने ओवायचे.

तीन वर्षांनी ती यायची थांबली.

यंदा कॅप्टनसाहेबांच्या नातीने घरात उरलेले त्यांचे कागद एका वाचनालयाला दिले. दप्तरातल्या त्यांच्या शेऱ्यांवरून ते अक्षर ओळखणारी म्हातारी म्हणून मला बोलावलं, मीही मिरवत गेले. तिसऱ्याच कागदावर एका पत्राची नक्कल होती: 'पुरात सापडलेल्या बेवारस प्रेतांची नोंदवही दप्तरी जमा केली आहे. शक्य तेथे अंगावरची खूण पानाला टाचली आहे. शोधत कोणी आल्यास वही दाखवावी.'

"आजी, पाणी देऊ का?" नात विचारत होती.

घरी येऊन मसाल्यांची वही वाफेवर धरली. लिंबाच्या लोणच्याच्या मागे ती होती. 'स्त्री, वय अंदाजे तीस. मनगटावर तुळस गोंदलेली. पदराला हार ओवायची सुई.' खाली तिथी, श्रावण वद्य षष्ठी.

सुई शिवणाच्या डब्यात होती. तिने माझ्या मुलींचे गजरे ओवले, पूजेचे हार ओवले. नवऱ्याच्या फोटोचा हारही तिनेच.

पंचवटीच्या बाजारात फुलवाली सापडली, आता टोपलीमागे वाकून बसलेली. मी सगळं सांगितलं, गजऱ्यांसकट. तिने मला ते पान दोनदा वाचायला लावलं.

"तुळस व्हती," ती म्हणाली आणि कितीतरी वेळ सुई बोटांत फिरवत राहिली. "म्हंजी मी पान वाढायचे अमावास्येला. कावळा शिवायचा. मंग जेवून कोण जायचं बाई?"

'नोंद नाही' हे शब्द माझ्या जिभेवर आले. गिळले.

"आन आई षष्ठीला यून उपाशीच जात आसंल."

तिने सुई पदराला टोचली. माझ्याकडे पाहिलं, आणि डोळ्यांत पाणी असताना हसली. "ह्या षष्ठीला ये. लोणचं आण तुझं. इतकी वर्सं त्याच्याखाली दाबून ठिवलीस तिला, आता चव तरी बघू दे."

लिंबं आणली आहेत. कृती तोंडपाठ आहे, तरी विळीवर बसण्याआधी ते पान उघडलं. हळदीचा डाग 'तुळस' या शब्दापर्यंत पोचला आहे.