सातवी बांगडी

दवाखान्याच्या बाकावर माझ्या शेजारी नववा महिना लागलेली एक पोरगी बसली होती. डोहाळजेवणात भरलेला हिरवा चुडा तिच्या हातात होता. पोटातलं बाळ हललं की ती एक बांगडी मनगटावरून वर, कोपराकडे सरकवायची.

"सिस्टर म्हणाल्या, दहा वेळा हलतंय का बघ. मी आकडा विसरते, म्हणून आईनं ही युक्ती सांगितली," ती म्हणाली.

सहा बांगड्या वर गेल्या होत्या. सातवी तिने बराच वेळ नुसती चिमटीत धरून ठेवली होती.

तिच्या चेहऱ्याकडे बघायचा मला धीर होईना. सुरुवातीला उलट्यांखेरीज बाळाचा काही पुरावाच नसतो. पाचव्या महिन्यात मासोळीने शेपटी मारावी तसं आत काहीतरी होतं आणि आपण भर स्वयंपाकात थबकतो. आठव्यात ते झोपू देत नाही. माझ्या वेळी मी एकदा वैतागून म्हटलं होतं, "गप पड की जरा!" आणि ते खरंच गप्प पडलं. त्या दिवशी ते पुन्हा हलेपर्यंत मी घरातल्या एकूण एक देवाची माफी मागत होते.

सिस्टरना हाक मारायला मी उठले, तेवढ्यात सातवी बांगडी वर सरकली. पोटावर हात ठेवून पोरगी चक्क रागावली, "एवढा वेळ कुठं होतास रे?"

माझा लेक आता तिशीचा आहे. दार उघडताना अजूनही मी त्याला हेच विचारते.