कमी फवारणीचा प्लॉट

आमच्या कामात किस्से गोळा करावे लागत नाहीत, आपोआप साठतात. काम काय, तर एका संस्थेतर्फे कराडच्या आसपास टोमॅटोवाल्यांना सांगत फिरायचं, की बाबांनो, बुरशीनाशक जरा कमी मारा. आठ वर्षं सांगतोय. आता माझाच माझ्यावर विश्वास राहिला नाही.

*

पहिल्या सभेत सांगितलं, रोज पानं बघा, डाग दिसला किंवा हवा ढगाळ-दमट झाली तरच फवारा. सगळ्यांनी माना डोलावल्या. गुरुवारी गेलो तर कडक ऊन, आणि अख्खं शिवार फवारतंय!

"कुठं दिसला रोग?"

"रोग कुठला, साहेब? भाड्याचा पंप गुरुवारीच आमच्या वस्तीवर येतोय."

*

मग सांगितलं, खालची डागाळलेली पानं काढून टाका. एकानं दोन दिवस राबून खरंच काढली. मला कोण आनंद! विचारलं, पुरली कुठं?

"पुरतोय कशाला? पाटात सोडली."

पाट खाली त्याच्या सख्ख्या भावाच्या टोमॅटोत जात होता. मी बांधावर डोकं धरून बसलो.

*

एकाला चिठ्ठीच लिहून दिली : 'आठ दिवस काहीही मारू नका.' गडी चिठ्ठी घेऊन कृषी केंद्रात गेला आणि तीन बाटल्या घेऊन आला.

"तुमी गडबडीत औषधाचं नावच लिवलं न्हवतं. दुकानदारानं समजून दिलं."

*

यंदा संस्थेनं बजावलं, एक तरी प्लॉट करून दाखवा, नाहीतर तुमचं काम बंद. शेवटी फौजेतून रिटायर झालेले सुभेदार अण्णा तयार झाले. अर्धा एकर. मी सांगेन तेव्हाच फवारणी.

"हुकूम म्हंजे हुकूम," अण्णा म्हणाले.

मी दर दोन दिवसांनी पानं उलटून बघायचो. खोटं कशाला बोलू, नवससुद्धा बोललो. आणि प्लॉट काय आला! पानावर डाग म्हणून नाही. गावोगावचे शेतकरी बघायला बोलावले. आठ वर्षांत पहिल्यांदा ताठ मानेनं बोललो, "तीन आठवड्यांत थेंब मारलेला नाही. हे बघा, न धुता खातो."

टोमॅटो तोडला आणि तोंडाशी नेला. तेवढ्यात अण्णांची बायको गर्दीतून धावत आली आणि तिनं तो माझ्या हातातून हिसकावून घेतला.

"आवं साहेब, खाऊ नगा. सकाळीच मारलंय ह्यांनी. तुमची नोकरी जाईल म्हणून पहिल्यापास्नं मारत्यात."