या बाजूने चावू नका

गाजराला तोंड लावून दचकून मागे सरणारा तो ससा अजून डोळ्यांपुढून जात नाही. डेंटल कॉलेजच्या प्राणिघरात मी नोंदी ठेवायचो. सकाळीच त्याचे दात कोरून त्यांत नवं सिमेंट भरलं होतं, हिरडी सुजली होती. सशांना खाऊ घालणाऱ्या सखूबाई गाजर किसायला बसल्या, तसे प्रयोग करणारे सर खेकसले, "किसता कशाला? चावू दे की! सिमेंट टिकतं का ते कळायला नको?"

कसली ही परीक्षा? ज्याला ओरडताही येत नाही, त्याच्या तोंडाची! आणि मी? वहीत नोंद केली.

परवा तसल्याच सिमेंटने माझी दाढ भरली. डॉक्टर मायेने म्हणाले, "आजचा दिवस या बाजूने चावू नका हं."

मी त्याच बाजूचे दात करकचून आवळले.